टोबॅको सेटलमेंटचा पैसा आरोग्याकडे कसा वळवायचा: अमेरिकेतल्या नवख्या मराठी कार्यकर्त्यांसाठी

सिगारेट कंपन्यांनी अमेरिकेतल्या राज्यांना दरवर्षी पैसे द्यायचं कबूल केलं, त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. पैसे येतात, दर एप्रिलला येतात. सेटलमेंटची रक्कम आणि तंबाखूवरचा कर मिळून सगळ्या राज्यांच्या हातात वर्षाला सुमारे २६ अब्ज डॉलर पडतात. त्यातले लोकांची तंबाखू सोडवायला आणि मुलांना तिच्यापासून लांब ठेवायला खर्च होतात ते तीन टक्क्यांहूनही कमी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी नियम मोडत असणार. कुणीही मोडत नाही. पैसा आरोग्यावरच खर्च करा, अशी अट त्या करारात नाही. म्हणून तो दरवर्षी मागावा लागतो, आणि मागणारे नसतील तर तो रस्त्यांना, पगारांना, जुन्या कर्जांना जातो.

तुम्ही मंडळाच्या आरोग्य समितीत असाल, काउंटीच्या एखाद्या सल्लागार मंडळावर नुकतेच आला असाल, किंवा मुलाच्या शाळेतलं व्हेपिंग पाहून काहीतरी करायला हवं असं वाटत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बजेट वाचायची सवय नसली तरी चालेल.

पहिली पायरी: हा पैसा नेमका कसला आहे

मे १९९४ मध्ये मिसिसिपीचे अॅटर्नी जनरल माइक मूर यांनी तंबाखू कंपन्यांवर दावा लावला. मुद्दा साधा होता: सिगारेटमुळे आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचाराचा खर्च राज्य मेडिकेडमधून करतं, तो कंपन्यांनी भरून द्यावा. मागोमाग इतर राज्यांनीही दावे लावले. मिसिसिपी आणि फ्लोरिडा यांनी १९९७ मध्ये, टेक्सास आणि मिनेसोटा यांनी १९९८ मध्ये कंपन्यांशी आपापली वेगळी तडजोड केली. उरलेली ४६ राज्यं, वॉशिंग्टन डीसी आणि पाच टेरिटरीज यांनी २३ नोव्हेंबर १९९८ रोजी फिलिप मॉरिस, आर. जे. रेनॉल्ड्स, ब्राउन अँड विल्यमसन आणि लोरिलार्ड या कंपन्यांशी एकत्र करार केला. त्याला मास्टर सेटलमेंट अॅग्रीमेंट, थोडक्यात एमएसए, म्हणतात. तुमचं राज्य वेगळी तडजोड करणाऱ्या त्या चारांतलं असेल तर तुमच्याकडे एमएसए लागू नाही, हे आधीच लक्षात ठेवा. टेक्सासमध्ये बसून एमएसएबद्दल बोलायला लागलात तर समितीचा कारकूनसुद्धा तुम्हाला दुरुस्त करेल.

त्या वेळी पहिल्या पंचवीस वर्षांसाठी किमान २०६ अब्ज डॉलर असा आकडा जाहीर झाला. त्यामुळे अनेकांचा समज असतो की मुदत संपली, आता काही येत नाही. तसं नाही. या कंपन्या अमेरिकेत सिगारेट विकत आहेत तोवर पैसे येत राहतील. हा समज आमदारांच्या कार्यालयांतही भेटतो, तेव्हा तुम्ही तो शांतपणे दूर करू शकलात तर पहिल्याच भेटीत तुमचं म्हणणं ऐकलं जाईल.

रक्कम मात्र दरवर्षी सारखी नसते. ती तीन गोष्टींनी हलते. महागाईसाठी ती दरवर्षी किमान तीन टक्क्यांनी वाढते. सिगारेटची विक्री कमी झाली की त्या प्रमाणात घटते. आणि तिसरी गोष्ट भांडणाची आहे. करारात सामील न झालेल्या कंपन्यांनी बाजार खाल्ला, तर सामील कंपन्या आपली रक्कम कापून मागू शकतात. राज्याने त्या बाहेरच्या कंपन्यांकडून एस्क्रोमध्ये, म्हणजे बाजूला ठेवलेल्या राखीव खात्यात, पैसे भरून घेण्याचा कायदा कसोशीने राबवला, हे सिद्ध झालं तर राज्याची कपात टळते. हे वाद वर्षानुवर्षं लवादापुढे चालतात. म्हणून एखाद्या वर्षी रक्कम अचानक वाढलेली किंवा घटलेली दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका. अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाला विचारा. टोबॅकोचं काम पाहणारा विभाग तिथेच असतो.

दुसरी पायरी: तुमच्या राज्यातला पैसा कुठे जातो ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढची सगळी मागणी याच उत्तरावर उभी राहते.

करार झाल्यावर केंद्र सरकारने मेडिकेडमधला आपला वाटा मागितला असता. पण १९९९ च्या मे महिन्यात काँग्रेसने कायदा करून तो हक्क सोडला आणि राज्यांना पूर्ण मोकळीक दिली. प्रत्येक राज्याने आपापल्या मनाप्रमाणे वाट धरली. नेव्हाडाने सेटलमेंटमधून मिलेनियम स्कॉलरशिप सुरू केली. मिशिगननेही मुलांच्या शिष्यवृत्त्यांना पैसा दिला. कॅन्ससने लहान मुलांच्या योजनांसाठी निधी उभा केला. नॉर्थ कॅरोलायनाने अर्धा वाटा तंबाखूच्या शेतीवर जगणाऱ्या भागांच्या अर्थव्यवस्थेसाठी गोल्डन लीफ फाउंडेशनला दिला. अर्कान्सासमध्ये २००० साली मतदारांनीच ठरवलं की पैसा आरोग्याला जाईल. लिटल रॉकच्या वैद्यकीय विद्यापीठातलं पब्लिक हेल्थचं कॉलेज त्यातूनच उभं राहिलं.

यादीतली बरीच कामं वाईट नाहीत. हे आधी पचवा. नेव्हाडात तुम्ही सेटलमेंटचा पैसा तंबाखूमुक्तीला मागाल तेव्हा समोर सिगारेट कंपनीचा वकील नसेल; शिष्यवृत्तीवर मुलगी कॉलेजात घातलेली आई असेल. तिच्यापुढे उभं राहून काय बोलणार, ते घरून ठरवून जा.

शोधायचं कसं? राज्याच्या अर्थखात्याच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचं बजेट असतं. त्या पीडीएफमध्ये ‘टोबॅको सेटलमेंट’ हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. साधारण चार प्रकारची उत्तरं मिळतात. एक, पैसा थेट जनरल फंडात, म्हणजे राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत, जातो आणि तिथे इतर करांत मिसळून जातो. दोन, वेगळा स्पेशल फंड आहे आणि त्यातून कुठल्या खात्याला किती, ते ओळीओळीने लिहिलेलं आहे. तीन, ट्रस्ट किंवा एंडोमेंट आहे, म्हणजे मुद्दल शाबूत ठेवून उत्पन्नातून खर्च होतो. चौथं उत्तर सगळ्यांत अवघड: पैसा विकून टाकलेला आहे.

विकून टाकलेला म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण नवीन माणूस इथेच अडतो. राज्य एक स्वतंत्र महामंडळ काढतं. पुढच्या वीस-तीस वर्षांत येणाऱ्या हप्त्यांचा हक्क त्या महामंडळाकडे सोपवला जातो, ते रोखे काढतं, गुंतवणूकदार ते विकत घेतात आणि राज्याला एकरकमी पैसा मिळतो. त्यानंतर दर एप्रिलला कंपन्यांचा हप्ता येतो तो रोखेधारकांकडे. न्यू जर्सीने २००२ आणि २००३ मध्ये हे केलं. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, ओहायो, विस्कॉन्सिन यांनीही कमीअधिक प्रमाणात हाच मार्ग धरला. त्या वर्षीची बजेटची तूट भरून निघाली आणि पुढच्या पिढीचा पैसा गेला.

अशा राज्यात सेटलमेंटचा पैसा मागून काही हाती लागत नाही. मग काय मागायचं? न्यू जर्सीचंच उदाहरण घ्या. २०१० च्या दशकात काही वर्षं या राज्याने तंबाखूमुक्तीसाठी स्वतःच्या तिजोरीतून एक डॉलरही दिला नव्हता. मग कार्यकर्त्यांनी सेटलमेंटचा हट्ट सोडला आणि सिगारेटवरच्या कराकडे पाहिलं. २०१७ मध्ये कायदा झाला: तंबाखूवरच्या करातला एक टक्का तंबाखूमुक्तीच्या कामासाठी राखून ठेवायचा. टक्का लहान आहे, पण तो कायद्यात लिहिलेला आहे आणि शून्याच्या पुष्कळ वर आहे. एडिसन, जर्सी सिटी, पार्सिपनीतल्या आपल्या लोकांनी पुढची मागणी इथूनच सुरू करावी.

आणखी एक पत्ता अनेकांच्या लक्षात येत नाही: काउंटी. कॅलिफोर्नियात राज्याचा अर्धा वाटा काउंट्यांना आणि काही मोठ्या शहरांना मिळतो. न्यू यॉर्कमध्येही काउंट्यांना हिस्सा आहे, टेक्सासमध्ये काउंट्यांना आणि हॉस्पिटल डिस्ट्रिक्टना दरवर्षी वाटप होतं. सांता क्लारा काउंटीने २००१ मध्ये विमा नसलेल्या मुलांसाठी आरोग्यविम्याची योजना सुरू केली तेव्हा सेटलमेंटचा पैसा त्यात घातला. पालकांची कागदपत्रं कशी का असेनात, मुलाला विमा मिळेल, हा निर्णय तिथल्या पाच सुपरवायझरांच्या सभागृहात झाला होता. सनीवेल, क्युपर्टिनोत राहणाऱ्यांना सॅक्रामेंटोला जायची गरज नाही. काउंटीच्या बैठकीला गाडीने अर्ध्या तासात पोचता येतं, आणि तिथे एका माणसाच्या आवाजाला राजधानीतल्यापेक्षा कितीतरी जास्त वजन असतं.

तिसरी पायरी: आकडा ठरवा

‘जास्त पैसे द्या’ ही मागणी नव्हे. आकडा हवा, आणि तो कुठून आला हे सांगता यायला हवं.

सीडीसी या केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१४ मध्ये प्रत्येक राज्यासाठी वर्षाला किती खर्च व्हायला हवा याची शिफारस दिली आहे. देशभर मिळून ती सुमारे ३.३ अब्ज डॉलर होते. न्यू जर्सीसाठी साधारण १०.३ कोटी, टेक्साससाठी २६.४ कोटी, ओक्लाहोमासाठी ४.२ कोटी. तुमच्या राज्याची शिफारस आणि प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी लिहा. प्रत्यक्ष खर्चाचा राज्यवार तक्ता कॅम्पेन फॉर टोबॅको-फ्री किड्स ही संस्था दरवर्षी काढते.

पण पहिल्याच वर्षी पूर्ण शिफारशीइतकी रक्कम मागू नका, असं माझं मत आहे. शून्याजवळ असलेल्या राज्यात दहा कोटींची मागणी ऐकून समिती मान हलवते आणि पुढच्या विषयाकडे जाते. या वर्षी एवढं, तीन वर्षांत एवढं, अशा टप्प्यांनी मागा.

एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीच्या धूम्रपानविषयक कार्यालयातले कर्मचारी कमी केले गेले. त्या कार्यालयाच्या मदतीवर राज्यांचे अनेक कार्यक्रम चालत होते. राज्याच्या स्वतःच्या पैशाचं महत्त्व त्यामुळे आणखी वाढलं आहे, आणि साक्षीत हे सांगायला विसरू नका.

चौथी पायरी: कशासाठी मागायचं

सीडीसीने खर्चाचे पाच भाग केले आहेत: राज्य आणि स्थानिक पातळीवरचं काम, मोठ्या प्रमाणावरचा प्रचार, तंबाखू सोडायला मदत, सर्वेक्षण आणि मूल्यमापन, आणि प्रशासन. मूल्यमापनाला साधारण दहा टक्के आणि प्रशासनाला पाच टक्के हे प्रमाण लक्षात ठेवा. एखाद्या प्रस्तावात प्रशासनाला पंधरा-वीस टक्के दिसले तर प्रश्न विचारा. मूल्यमापनाला काहीच नसेल तर त्याहून मोठा प्रश्न विचारा.

प्रचारावर खर्च म्हणजे उधळपट्टी, असं आपल्याकडच्या काटकसरी मनाला वाटतं. पुरावा उलटा आहे. फ्लोरिडाने १९९८ मध्ये सेटलमेंटच्या पैशातून ‘ट्रुथ’ नावाची मोहीम चालवली. तिच्यात मुलांना फुफ्फुसांची चित्रं दाखवली नाहीत. कंपन्या तुम्हाला कशा फसवतात ते दाखवलं. दोन वर्षांत तिथल्या मिडल स्कूलमधलं सिगारेट ओढण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी आणि हायस्कूलमधलं १८ टक्क्यांनी उतरलं. एमएसएतून स्थापन झालेल्या राष्ट्रीय फाउंडेशनने पुढे हेच नाव घेऊन देशभर मोहीम चालवली. ती संस्था आज ट्रुथ इनिशिएटिव्ह म्हणून ओळखली जाते.

उलट गोष्ट मिनेसोटात घडली. तिथे किशोरवयीन मुलांनीच चालवलेली ‘टार्गेट मार्केट’ नावाची मोहीम होती. २००३ मध्ये बजेटची तूट भरायला विधिमंडळाने सेटलमेंटची सुमारे एक अब्ज डॉलरची एंडोमेंट मोडली आणि मोहीम बंद पडली. काही महिन्यांतच, पुढे सिगारेट ओढू शकतील अशा मुलांचं प्रमाण ४३ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेलं. कुठल्याही बजेट सुनावणीत ‘एक वर्ष थांबवलं तर काय बिघडतं’ असं कुणी विचारलं, तर हे उदाहरण तोंडपाठ असू द्या.

आता आपल्या समाजाचा मुद्दा. तो आपल्याशिवाय कुणी मांडणार नाही.

करारातल्या पैशाचं सगळं गणित सिगारेट आणि हाताने वळायच्या तंबाखूवर चालतं. कार्यक्रमही सिगारेटभोवतीच बांधले जातात. आपल्याकडे गुटखा, खैनी, तंबाखूचं पान आणि मशेरी आहे, आणि त्यातलं बरंचसं देशी दुकानांतून किंवा सुटकेसमधून इथे येतं. राज्यांच्या टेलिफोन सर्वेक्षणात धूररहित तंबाखूचा एक प्रश्न असतो: तुम्ही सध्या च्युइंग टोबॅको, स्नफ किंवा स्नूस वापरता का, रोज, कधीकधी की अजिबात नाही? आता मुलाकडे राहायला आलेल्या, चाळीस वर्षं रोज सकाळी मशेरी लावणाऱ्या एखाद्या काकूंना हा प्रश्न मुलाने वाचून दाखवला अशी कल्पना करा. त्या प्रामाणिकपणे ‘अजिबात नाही’ म्हणतील. मशेरी त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे, आणि स्नूस हा शब्द त्यांनी जन्मात ऐकलेला नाही. त्यांचं उत्तर शून्यात जमा होतं. शून्याला निधी मिळत नाही. मग तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर मंदिराच्या हॉलमध्ये स्वयंसेवकांच्या खिशातून भरतं.

म्हणून पहिली मागणी सर्वेक्षणाची ठेवा: गुटखा, मशेरी, खैनी ही नावं घेऊन विचारणारा प्रश्न. ती मागणी स्वस्त आहे आणि मूल्यमापनाच्या दहा टक्क्यांत बसते. दुसरी मागणी भाषेची. एशियन स्मोकर्स क्विटलाइन ही तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा चिनी, कोरियन आणि व्हिएतनामी बोलणाऱ्यांसाठी उभी राहिली. ते त्या समाजांनी मागून, संशोधनाने सिद्ध करून मिळवलं. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली मिळून आपण एकत्र मागितलं तर दक्षिण आशियाई भाषांतल्या समुपदेशकांची मागणी अवास्तव राहत नाही. तिसरी मागणी दंतवैद्यांची: तोंडाची तपासणी आणि तंबाखू सोडायचा सल्ला एकाच खुर्चीत मिळावा, आणि त्याचे पैसे दवाखान्याला मिळावेत.

पाचवी पायरी: पैशाला कुलूप लावा

या वर्षी बजेटमध्ये मिळालेला पैसा पुढच्या वर्षी जाऊ शकतो. किती सहज जातो ते मिनेसोटाने दाखवलं. त्यामुळे कुलूप कुठलं, हा प्रश्न रकमेइतकाच महत्त्वाचा आहे.

सगळ्यात भक्कम कुलूप राज्यघटनेतलं. ओक्लाहोमाच्या मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये घटनादुरुस्ती करून टीसेट नावाचा ट्रस्ट काढला. सुरुवातीला वार्षिक रकमेच्या ५० टक्के त्यात जात, दरवर्षी पाच टक्के वाढत ते ७५ टक्क्यांवर आणून स्थिर केले. खर्च फक्त उत्पन्नातून करायचा, मुद्दलाला हात लावायचा नाही. गुंतवणूक कुठे करायची ते एक मंडळ ठरवतं, खर्च कशावर करायचा ते दुसरं. आज तिथलं मुद्दल एक अब्ज डॉलरच्या वर आहे, आणि ओक्लाहोमा श्रीमंत राज्य नाही हे लक्षात घ्या. फ्लोरिडाने २००६ मध्ये वेगळी युक्ती केली: २००५ साली राज्याला मिळालेल्या सेटलमेंटच्या रकमेचे १५ टक्के दरवर्षी, महागाईप्रमाणे वाढवून, तंबाखू प्रतिबंधाला द्यायचे, आणि त्यातला किमान एक तृतीयांश प्रचारमोहिमेवर खर्च करायचा. रक्कम जुन्या वर्षाला बांधल्यामुळे सिगारेटची विक्री घसरली तरी कार्यक्रमाचा पैसा घसरत नाही. मला हे कलम फार हुशारीने लिहिलेलं वाटतं.

मतदारांनी केलेला साधा कायदा मात्र तितका टिकत नाही. नॉर्थ डकोटात नोव्हेंबर २००८ मध्ये मतदारांनी सेटलमेंटच्या पैशातून स्वतंत्र तंबाखू प्रतिबंध संस्था उभी केली. तिथल्या नियमाप्रमाणे मतदारांनी केलेला कायदा सात वर्षं दोन तृतीयांश बहुमताशिवाय बदलता येत नाही. सात वर्षं झाली, आणि २०१७ च्या अधिवेशनात विधिमंडळाने ती संस्था बंद केली. कुलपाची मुदत संपते कधी, ते कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवं.

कलम लिहिलं जात असताना एका शब्दरचनेवर अडून बसा: हा पैसा आधीच्या निधीच्या ‘बदली’ नव्हे, ‘शिवाय’ आहे. ही ओळ नसेल तर सेटलमेंटचे पन्नास लाख एका दाराने येतात आणि आरोग्यखात्याचे जुने पन्नास लाख दुसऱ्या दाराने निघून जातात. बातमीत निधी मिळालेला दिसतो, कार्यक्रमात काही बदलत नाही.

नवीन सेटलमेंट झाली तर कुलूप आधीच लावता येतं. २०२१ च्या ओपिऑइड (अफूसारख्या, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या) सेटलमेंटमध्ये औषध वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याकडून येणाऱ्या सुमारे २६ अब्ज डॉलरपैकी किमान ८५ टक्के व्यसनाच्या संकटाशी लढण्यावरच खर्च व्हावेत असं करारातच लिहिलं गेलं. १९९८ ची चूक डोळ्यांसमोर होती. जूल या ई-सिगारेट कंपनीशी राज्यांनी केलेल्या तडजोडीही तपासा: नॉर्थ कॅरोलायनाने जून २०२१ मध्ये ४ कोटी डॉलर घेतले, सप्टेंबर २०२२ मध्ये तीसहून जास्त राज्यांनी मिळून सुमारे ४४ कोटींचा करार केला, आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय यांच्यासह सहा राज्यं आणि डीसीने ४६.२ कोटींचा. हे हप्ते अनेक वर्षं चालणार आहेत. व्हेपिंगसाठी निधी मागायचा असेल तर मोठ्या सेटलमेंटपेक्षा इथे वाट लवकर सापडते.

कॅनडात राहणाऱ्यांसाठी: मार्च २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तीन तंबाखू कंपन्यांबाबत ३२.५ अब्ज कॅनेडियन डॉलरची योजना मंजूर केली. त्यातले जवळपास २५ अब्ज प्रांतांना आणि टेरिटरीजना मिळायचे आहेत. तुमच्या प्रांताच्या वाट्यावर आरोग्याची अट लागलेली नाही. टोरंटो, ब्रॅम्प्टन, कॅलगरीतल्या मंडळांनी आत्ताच आपल्या प्रांताच्या आमदारांना पत्रं लिहावीत. अमेरिकेत पहिल्या दोन-तीन वर्षांत जे ठरलं तेच बहुतेक ठिकाणी कायम राहिलं.

सहावी पायरी: तारखा आणि साक्ष

बहुतेक राज्यांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. न्यू यॉर्कचं १ एप्रिलला, टेक्सासचं १ सप्टेंबरला, मिशिगनचं १ ऑक्टोबरला. जुलैवाल्या राज्यांत गव्हर्नरचं बजेट साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतं आणि समित्यांच्या सुनावण्या वसंतात होतात. आमदारांच्या कार्यालयाला भेट मात्र आदल्या शरद ऋतूत द्या, गणपती-दिवाळीच्या धामधुमीतही वेळ काढा. तेव्हा कर्मचाऱ्यांना ऐकायला वेळ असतो.

व्हिसावर असलात तरी बोलता येतं. साक्ष द्यायला किंवा आमदाराला भेटायला नागरिकत्व लागत नाही. निवडणुकीच्या प्रचाराला देणगी मात्र ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांनीच द्यायची असते, तिथे चूक करू नका. मंडळं बहुतेक ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असतात. त्यांना मर्यादेत राहून विधेयकाची बाजू मांडता येते, उमेदवाराची नाही. ही मर्यादा स्पष्ट आकड्यांत हवी असेल तर आयआरएसचा फॉर्म ५७६८ एकदाच भरायचा असतो. तो भरून ठेवा. ‘आपण राजकारणात पडत नाही’ म्हणून गप्प बसणाऱ्या मंडळांना हा नियम दाखवा.

सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. समोरचा दिवा पिवळा झाला की शेवटचं वाक्य बोलायचं. आधी नाव नोंदवावं लागतं, बहुतेक ठिकाणी ऑनलाइन. साक्ष लिहून न्या आणि प्रती वाटा. साधारण असा साचा ठेवा:

“अध्यक्ष महोदय, समितीचे सदस्य, माझं नाव अमुक, मी तुमच्याच मतदारसंघात राहते. या वर्षी राज्याला तंबाखू कंपन्यांकडून इतके डॉलर मिळाले. त्यातले तंबाखूमुक्तीला इतके गेले. सीडीसीची शिफारस इतकी आहे. बजेटच्या अमुक ओळीत इतकी वाढ करावी, आणि ती आधीच्या निधीच्या वर असावी, अशी माझी विनंती आहे. मी ज्या समाजातून येते तिथे तंबाखू चघळतात आणि दातांना लावतात; तुमच्या सर्वेक्षणात ते दिसत नाही. या वाढीतून पहिल्या वर्षी तो एक प्रश्न विचारला जावा. प्रश्न असतील तर उत्तर द्यायला मी थांबते.”

बस्. इतिहास सांगू नका, सगळे तक्ते वाचू नका. घरातल्या कुणाला कॅन्सर झाला असेल आणि बोलता येत असेल तर तीन वाक्यांत सांगा. पण मागणी आधी, गोष्ट नंतर. रडू आलं तर थांबा, समिती थांबते.

सातवी पायरी: पैसा मिळाल्यावर

वाटपाच्या मंडळावर बसायची संधी मिळाली तर ती घ्या. तिथे चार गोष्टींकडे लक्ष द्या. काम सुरू व्हायच्या आधीचा आकडा मोजलेला आहे का. नसेल तर नंतर काहीही सिद्ध करता येणार नाही. अनुदान किमान तीन वर्षांचं आहे का. एका वर्षाच्या अनुदानावर चांगला समुपदेशक टिकत नाही. अर्जदार संस्थेने तंबाखू किंवा व्हेप कंपनीकडून पैसे घेतलेले नाहीत असं लेखी दिलं आहे का. आणि अर्जाची भाषा मंदिराच्या, गुरुद्वाराच्या, मशिदीच्या छोट्या समितीला समजेल अशी आहे का. चाळीस पानी अर्ज भरणारे नेहमीचेच चार असतात, आणि ते आपल्या काकूंपर्यंत पोचत नाहीत. लहान रकमांसाठी दोन पानी वेगळा अर्ज ठेवायला सांगा.

तुमच्या संस्थेचा अर्ज चर्चेला आला की खोलीबाहेर जा, आणि तसं इतिवृत्तात लिहवून घ्या.

दर सहा महिन्यांनी कार्यक्रमाकडून एक पान मागवा: किती जणांनी १-८०० क्विट नाऊ या तंबाखू सोडायच्या मदतक्रमांकावर फोन केला, त्यांतले दुभाष्यामार्फत बोलले ते किती आणि कुठल्या भाषेत, किती जणांना निकोटिनचे पॅच मिळाले, सात महिन्यांनी किती जण तंबाखूशिवाय होते. भाषेचा रकाना रिकामा आला तर पान परत पाठवा आणि भरून मागा. तेच पान पुढच्या सुनावणीला सोबत न्यायचं आहे.